डोक्यावरची बॅटरी : वाचकांचे प्रश्न

हरभरा-गव्हाच्या ओलिताचे दिवस आले की डोक्यावर बांधायच्या बॅटऱ्यांबद्दलची पत्रं वाढतात. या वेळी रात्री पीक राखायची जागल, मोहफूल आणि पोलीस भरतीची पहाटेची धाव यांबद्दलही विचारणा आहे. एकाच आशयाची पत्रं एकत्र केली आहेत.

प्रश्न : आमच्या फीडरला काही दिवस रात्रीची थ्री फेज लाईन असते. हरभऱ्यात स्प्रिंकलरचे पाईप हलवायला डोक्यावरची बॅटरी हवी आहे. बाजाराच्या दिवशी ३०० रुपयांत ‘एक लाख ल्युमेन’वाली मिळते. दुकानात १५०० रुपयांची आहे आणि तिच्यावर नुसतं ‘४०० ल्युमेन’ लिहिलंय. फसवतो कोण, दुकानदार की बाजारवाला? (राळेगाव तालुका, जि. यवतमाळ)

उत्तर : फसवतो तो खोका छापणारा, आणि तो दोघांच्याही मागे असू शकतो. म्हणून हिशेब स्वतःला करता आला पाहिजे. ल्युमेन म्हणजे दिव्यातून निघणाऱ्या उजेडाचं माप. चांगल्या पांढऱ्या एलईडीतून एका वॅटमागे साधारण १०० ते १५० ल्युमेन उजेड निघतो. एक लाख ल्युमेन काढायचे तर ७०० ते १००० वॅट लागतील, म्हणजे एक हॉर्सपॉवरच्या आसपास. तेवढी ताकद कपाळावरच्या डबीत मावत नाही आणि मावली तर कपाळ भाजेल. हा आकडा वाचायचाच नाही.

वाचायचा तो सेल. चार्जिंगच्या बहुतेक बॅटऱ्यांत १८६५० हा लिथियम सेल असतो. तो १८ मिलिमीटर जाड आणि ६५ मिलिमीटर लांब असतो, त्यावरून हा नंबर. त्याचा चालू दाब ३.६ व्होल्ट, पूर्ण भरल्यावर ४.२. या मापाच्या चांगल्यातल्या चांगल्या सेलची क्षमता ३५०० एमएएचच्या (मिलिअँपिअर-तास) आसपास थांबते. त्यामुळे ‘९९०० एमएएच’ लिहिलेला १८६५० सेल दिसला की सोडून द्या. शंका असेल तर सोनाराच्या किंवा किराणा दुकानाच्या डिजिटल काट्यावर ठेवा. खरा सेल ४५ ग्रॅमच्या आसपास भरतो. ३० ग्रॅम भरला तर आत मसालाच कमी आहे.

आता पाळीचा हिशेब. सेल प्रामाणिक २००० एमएएचचा धरू. २ अँपिअर-तास गुणिले ३.६ व्होल्ट, म्हणजे ७.२ वॅट-तास. सर्किटात आणि उष्णतेत थोडी वीज जाते, म्हणून हाती ६ धरा. वॅटमागे १०० ल्युमेन धरले तर ६०० ल्युमेन-तास झाले. ते कसे खर्चायचे ते तुमच्या हातात : १०० ल्युमेन ६ तास, ५० ल्युमेन १२ तास, किंवा ४०० ल्युमेन अवघा दीड तास. पाईप हलवायला, नोझल उघडून कचरा काढायला, धुऱ्यावरून चालायला ५० ते १०० ल्युमेन भरपूर होतात. ३००-४०० लागतात ते वावराच्या दुसऱ्या टोकाला काय हललं एवढं बघायला, तेही काही सेकंद. म्हणून घेताना वरचा आकडा किती ते नंतर बघा. आधी खालची पायरी किती मंद होते आणि बटण किती सोपं आहे ते बघा. कमी-मध्यम-जास्त अशा तीन पायऱ्या हव्यात आणि चालू करताच कमीवर यायला हवी. पहिल्याच दाबाला लुकलुकणारी किंवा थेट पूर्ण उजेड फेकणारी घेऊ नका. आठ-दहा तासांची पाळी असेल तर दुसरा भरलेला सेल प्लास्टिकच्या डबीत सोबत ठेवा. खिशात चिल्लर आणि किल्ल्यांसोबत मोकळा सेल ठेवणं धोक्याचं आहे. शॉर्ट होऊन तो पेट घेऊ शकतो.

खोक्यावरच्या ‘८ तास’ आणि ‘१२० मीटर’ या आकड्यांचाही अर्थ कळला पाहिजे. चांगले उत्पादक एएनएसआय एफएल१ या मानकाप्रमाणे मोजतात. त्यात वेळ मोजतात ती उजेड सुरुवातीच्या १० टक्क्यांवर उतरेपर्यंत. म्हणजे ‘४०० ल्युमेन, ८ तास’ वाचून घेतलेली बॅटरी आठव्या तासाला ४० ल्युमेन देत असली तरी कंपनी खोटी ठरत नाही. अंतर मोजतात ते उजेड पाव लक्सवर येईपर्यंत, साधारण पुनवेच्या चांदण्याएवढा. चांदण्यात काहीतरी उभं आहे एवढं दिसतं, रोही (नीलगाय) आहे की शेजाऱ्याची कालवड हे सांगता येत नाही. छापलेलं अंतर निम्मं करा. निम्म्या अंतरावर उजेड चौपट असतो आणि ओळख पटते.

स्प्रिंकलरसाठी पाण्याचा अंक बघा. आयपीएक्स४ म्हणजे चहूबाजूंनी उडणारं पाणी चालतं, तुमच्या कामाला तेवढं पुरतं. आयपीएक्स७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास. लेन्स पुढेमागे सरकवून झूम होणाऱ्या बॅटऱ्या बाजारात खपतात खूप, पण सरकत्या लेन्सच्या फटीतूनच पाणी आणि धूळ आत जाते. पिकात उभं राहून काम करणाऱ्याला झूमचा तसा उपयोगही नाही, त्याला पसरट उजेड हवा.

स्टार्टरची पेटी उघडताना डोक्यावरच्या बॅटरीचा मोठा फायदा आहे, दोन्ही हात मोकळे राहतात. पण तेच हात ओले असतात. पुसा, पायात कोरडी चप्पल-बूट ठेवा आणि आत हात घालण्याआधी पेटीचा तळ उजेडात नीट बघा. पाली-बेडकांच्या मागावर साप तिथे येतो.

प्रश्न : डोक्यावर बांधली की पायाखालचे खड्डे, ढेकळं सपाट दिसतात. धानाच्या बांधीच्या पाळीवरून (बांधावरून) दोनदा पाय घसरला. हातातल्या जुन्या टॉर्चनं तसं होत नव्हतं. बॅटरी खराब आहे का? (अर्जुनी मोरगाव तालुका, जि. गोंदिया)

उत्तर : बॅटरी चांगली आहे, जागा चुकली आहे. खड्ड्याची खोली किंवा ढेकळाची उंची आपल्याला कळते ती सावलीवरून. दिवा डोळ्यांच्या चार बोटं वर असला की सावली पडते, पण वस्तूच्या बरोबर मागे पडते, आणि वस्तूच आडवी येऊन ती झाकते. सगळं अंगण चुना मारल्यासारखं सपाट दिसतं. दिवा कमरेएवढ्या उंचीवर आणला की उजेड तिरपा पडतो, सावल्या लांब होतात आणि काठ, भेग, पडलेली काडी, वेटोळं करून बसलेली घोणस वेगळी उठून दिसते.

म्हणून चालताना बॅटरी डोक्यावरून काढून हातात धरा, किंवा कमरेला बांधलेल्या दुपट्ट्यात दिवा पुढे येईल अशी खोचा. मुक्कामी पोहोचून हातांचं काम सुरू झालं की डोक्यावर चढवा. आम्हाला विचाराल तर रात्रीच्या ओलिताला एक डोक्यावरची आणि एक साधी हातातली अशा दोन बॅटऱ्या असाव्यात. १५०० ची एक घेण्यापेक्षा ८००-९०० ची एक आणि २०० ची एक बरी.

धुक्यात आणि स्प्रिंकलरच्या तुषारांत समोर पांढरा पडदा दिसतो, त्याचं कारणही हेच. थेंबांवरून परतलेला उजेड सरळ डोळ्यांत येतो. उजेड वाढवला की पडदा आणखी दाट होतो. कमी करा आणि खाली आणा.

दिवा डोळ्यांजवळ असण्याचा एक फायदा मात्र हातातल्या टॉर्चला तितका मिळत नाही : जनावरांचे डोळे चमकतात. रोही, हरिण, गाय-बैल, कुत्रा, कोल्हा, बिबट, वाघ यांच्या डोळ्यांत मागच्या बाजूला आरशासारखा थर असतो. तो उजेड आला त्याच वाटेनं परत फेकतो, म्हणून ती चमक दिव्याजवळ डोळा असणाऱ्यालाच नीट दिसते. पण हे लक्षात ठेवा की रानडुकराच्या डोळ्यात हा थर नाही. ‘चमकलं नाही म्हणजे काही नाही’ असं समजून तुरीत शिरणं महागात पडेल. सापाचे डोळेही असे चमकत नाहीत. जमिनीवर बारीक हिरवट-पांढरे ठिपके चमकताना दिसले तर ते बहुधा कोळ्यांचे असतात, घाबरू नका.

सापाबद्दल एवढंच : मण्यार, नाग, घोणस रात्री हिंडतात आणि बॅटरी गमबुटाची जागा घेत नाही. दंश झालाच तर कापणं, चोखणं, घट्ट आवळून बांधणं यांत वेळ घालवू नका. दंशाचा अवयव हलू देऊ नका, १०८ ला फोन लावा आणि सर्पदंशावरचं प्रतिविषाचं इंजेक्शन असलेल्या दवाखान्यात पोहोचा.

प्रश्न : पावसाळ्यात डोक्यावरची बॅटरी लावली की पाखरं, किडे तोंडावर येतात. उपाय? (लाखांदूर तालुका, जि. भंडारा)

उत्तर : किडे निळ्या आणि अतिनील उजेडाकडे जास्त ओढले जातात, आणि निळसर पांढऱ्या, ६५०० केल्व्हिनच्या एलईडीत निळा भाग जास्त असतो. ३००० केल्व्हिनच्या पिवळसर उजेडावर कमी येतात, लाल उजेडावर त्याहून कमी. एक पांढरा दिवा दहा-पंधरा मीटरवर काठीला टांगून ठेवला की बरेच तिकडे जातात. डोळ्यांना साधा पारदर्शक चष्मा लावा.

प्रश्न : आम्ही बाया मोहफूल वेचायला अंधारातच निघतो, उशीर झाला की दुसरे वेचून नेतात. वाघ दूर राहावा म्हणून किती मोठी बॅटरी घ्यावी? (सिंदेवाही तालुका, जि. चंद्रपूर)

उत्तर : ताई, अशी बॅटरी नाही. कितीही मोठी घेतली तरी वाघ उजेडाला भिऊन जाईल असं धरून चालता येत नाही. शिवाय वेचताना तुम्ही वाकलेल्या असता, दिवा जमिनीकडे असतो, आणि त्या उजेडाला सरावलेल्या डोळ्यांना भोवतीचा अंधार आणखी काळा दिसतो. बॅटरी इथे उलट जास्त आंधळं करते.

निघायचं ते तांबडं फुटून झाडाखालचं नीट दिसायला लागल्यावर. मोहाची फुलं रात्री उशिरापासून गळायला लागतात, पण सकाळीही गळत राहतात. झाडाखाली जुनी लुगडी किंवा जाळी अंथरून ठेवली तर फूल मातीत लोळत नाही आणि पहाटेची घाईही कमी होते. झाडं कोणाची हे गावात आधी ठरवून घेतलं, तर अंधारात निघण्याचं मूळ कारणच उरत नाही. हे काम ग्रामसभेत होऊ शकतं. चार-पाच जणींनी मिळून जा आणि त्यातल्या एकीनं वेचायचं नाही, उभं राहून चहूकडे बघायचं. पाळी बदलत राहा. बॅटरी न्याच, पण ती परतायला उशीर झाला तर. अभयारण्यात किंवा व्याघ्र प्रकल्पाच्या गाभ्यात विनापरवाना जाणं वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ प्रमाणे गुन्हा आहे, आणि हातात बॅटरी घेऊन रात्री सापडलेल्या माणसाला शिकारी नाही हे पटवून देणं अवघड जातं.

जागलीला मचाणीवर दिवा कसा वापरावा, असं विचारणारं याच भागातून दुसरं पत्र आहे, त्याचंही इथेच सांगतो. मचाणीवर पांढरा दिवा सतत लावून बसू नका. अंधाराला डोळे पूर्ण सरावायला २० ते ३० मिनिटं लागतात आणि पांढऱ्या उजेडाची एक झलक ते सगळं घालवते. डबा खाणं, घड्याळ बघणं यासाठी लाल दिवा वापरा. अंधारात बघणाऱ्या पेशी गडद लाल उजेडाला फारशा दाद देत नाहीत. आवाज आला की मग पांढरा, पूर्ण. रोज एकाच जागी लुकलुकणाऱ्या दिव्याला डुकरं सरावतात, म्हणून जागा बदला. आणि दुसऱ्याच्या धुऱ्यावरून रात्री जाऊच नका. कुंपणात चोरून लाईन सोडलेली बारीक तार कोणत्याच बॅटरीत वेळेवर दिसत नाही, तिनं माणसं मरतात. तशी लाईन सोडणं हा गुन्हाच आहे.

प्रश्न : माझं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. डोक्यावरच्या बॅटऱ्या खूप येतात. काही सी-टाईपच्या बॅटऱ्या नव्या चार्जरवर चार्ज होतच नाहीत, जुन्या चार्जरवर होतात. काही चार्ज होऊनही दहा मिनिटांत विझतात. सेल बदलताना काय बघावं? (कुरखेडा तालुका, जि. गडचिरोली)

उत्तर : चार्जरचा दोष नाही. दोन्ही टोकांना सी-टाईप असलेली केबल लावली की चार्जर आधी समोर कोण आहे ते तपासतो, मगच ५ व्होल्ट सोडतो. त्यासाठी बॅटरीतल्या सॉकेटच्या सीसी१ आणि सीसी२ या दोन पिनांपासून ग्राउंडला प्रत्येकी ५.१ किलो-ओमचा रेझिस्टर हवा. स्वस्त मालात हे दोन रेझिस्टर वाचवलेले असतात. गिऱ्हाईकाला सोपा उपाय सांगा : एका टोकाला जुनं चौकोनी यूएसबी असलेली केबल वापरा. पक्का उपाय म्हणजे दोन वेगळे रेझिस्टर टाकणं. दोन्ही पिना जोडून एकच रेझिस्टर लावला तर काही केबलींवर पुन्हा अडेल.

लवकर विझणाऱ्या बॅटरीत आधी वायर बघा, सेल नंतर. मागे सेलची डबी आणि पुढे दिवा अशी रचना असेल तर वायर डबीच्या तोंडाशी आतून तुटते आणि वरून अखंड दिसते. दिवा चालू ठेवून तिथे वायर वाकवा. उजेड लुकलुकला की दोष सापडला. दोन सेंटिमीटर मागून कापून नव्यानं डाग द्या आणि तोंडाशी गाठ किंवा श्रिंक ट्यूब टाका, म्हणजे ओढ डागावर येणार नाही.

मग सेल. विझल्यावर लगेच बाहेर काढून मीटर लावा. ३.५ व्होल्टच्या वर असेल तर सेल बरा आहे. संपर्क काळे पडलेत किंवा स्प्रिंग दबली आहे. स्पिरिटनं पुसा, बारीक पॉलिश पेपर हलका फिरवा. २.५ च्या खाली असेल तर तो संपला आहे. २ व्होल्टच्या खाली महिनोन् महिने पडून राहिलेला सेल जिवंत करण्याच्या भानगडीत पडू नका. आत तांबं विरघळून शॉर्ट होण्याचा धोका असतो.

नवा सेल घेताना तीन गोष्टी. संरक्षण सर्किट असलेला सेल ६८ ते ७० मिलिमीटरचा होतो, तो ६५ च्या डबीत कोंबला की झाकण नीट बसत नाही आणि पाणी आत जातं. काही डब्यांत उलटा सेल लागू नये म्हणून वर कडा असते, तिथे सपाट डोक्याचा सेल टेकतच नाही, बटणवाला लागतो. आणि दोन-तीन सेल समांतर असतील तर सगळे एकाच जातीचे, एकाच वेळी घेतलेले घाला. घालण्याआधी त्यांचे व्होल्टेज एकमेकांच्या ०.०५ च्या आत आणा. नाहीतर भरलेला सेल रिकाम्यात धाडकन रिचतो. सेलवर थेट सोल्डरिंग करू नका, पट्टी लावलेले सेल मागवा.

चार्जिंगचा टीपी४०५६ बोर्ड बदलत असाल तर त्यावर १.२ किलो-ओमचा रेझिस्टर असतो, म्हणजे १ अँपिअर. लहान १२०० एमएएचच्या सेलला ते जास्त होतं. २ किलो-ओम टाकला की ५८० मिलिअँपिअरवर येतं. दुरुस्तीनंतर पूर्ण चार्ज होऊ द्या आणि मोजा : ४.२ च्या आसपास थांबलं पाहिजे. ४.२५ च्या वर जात असेल तर ती बॅटरी गिऱ्हाईकाला परत देऊ नका, त्याच्या घरात रात्रभर चार्जिंगला लागते ती.

प्रश्न : उन्हाळ्यात बॅटरी वावरातल्या टिनाच्या खोलीत राहिली. एक फुगली, दुसरी जुनी मोठी चार्जच होत नाही. (मोर्शी तालुका, जि. अमरावती)

उत्तर : दोन वेगळे आजार आहेत. फुगली ती चपट्या पिशवीच्या लिथियम सेलची. मे महिन्यात बाहेर ४५ अंश असतं, टिनाखाली त्याहून बरंच जास्त. लिथियम सेल ४५ अंशांच्या वर चार्ज करू नये आणि पूर्ण भरून उन्हात ठेवू नये. वापर नसेल तेव्हा अर्धा भरून, ३.७-३.८ व्होल्टवर, घरातल्या थंड कोपऱ्यात ठेवायचा. फुगलेला सेल टोचू-दाबू नका, चार्ज करू नका. वाळूच्या डब्यात घराबाहेर ठेवा आणि ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या.

जुनी मोठी म्हणजे ४ व्होल्टच्या लेड-ॲसिड बॅटरीची असणार. तिचं उलटं आहे : ती रिकामी ठेवली की प्लेटांवर सल्फेट बसतं आणि मग ती चार्ज घेत नाही. तिला पूर्ण भरून ठेवायचं आणि वापर नसला तरी दोन-तीन महिन्यांनी पुन्हा भरायचं. तुमची आता बदलावीच लागेल.

प्रश्न : पोलीस भरतीसाठी आम्ही पहाटे हायवेवर धावतो. हेडलाईट उड्या मारतो, घामानं पट्टा सैल झालाय. कोणता घ्यावा? (मेहकर तालुका, जि. बुलढाणा)

उत्तर : सगळं मिळून १०० ग्रॅमच्या आत. त्याहून जड असेल तर डोक्यावरून जाणारा तिसरा पट्टा हवा. पट्ट्याखाली सुती पट्टी किंवा टोपी घाला म्हणजे घाम मुरतो आणि घसरत नाही. आठवड्याला दिवा काढून पट्टा साध्या साबणानं धुवा, सावलीत वाळवा. मिठानं आणि उन्हानं इलॅस्टिक मरतं.

पण रस्त्यावर तुम्हाला दिसण्यापेक्षा तुम्ही दिसणं जास्त गरजेचं आहे. रस्त्याच्या उजव्या कडेनं, समोरून येणारी गाडी दिसेल असं, एका रांगेत धावा. शेवटच्याच्या पाठीवर लाल दिवा आणि सगळ्यांच्या अंगावर चमकपट्टीचं जॅकेट हवं. समोरून गाडी आली की दिवा खाली वळवा किंवा मान झुकवा. ड्रायव्हरच्या डोळ्यांवर उजेड मारला तर तोच तुम्हाला बघू शकत नाही. पुढचा दिवा लुकलुकता ठेवू नका, त्यानं त्याला तुमचं अंतर कळत नाही आणि तुम्हाला खड्डा. कानात इअरफोन नको.

भरतीची धाव मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर. ४०० मीटरच्या मैदानावर त्या चार आणि दोन फेऱ्या होतात. शाळेचं मैदान लहान असेल तर टेपनं मोजून चुन्याची रेघ मारून घ्या. तिथे ३० ल्युमेनही पुरतात आणि ट्रक येत नाही.